सर्ब माणसाचा धागा: अभ्यासमंडळासाठी भिंतीवरचा कालपट आणि सहा बैठका

सर्बियावर बोलायचं ठरलं की बहुतेक वक्ते २८ जून १९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रियन युवराजावर झाडलेल्या गोळीपासून सुरू करतात आणि पहिल्या महायुद्धात शिरून सर्बांना विसरून जातात. ज्या समाजाची माणसं चारशे वर्षं तुर्की, ऑस्ट्रियन, व्हेनिशियन, रशियन आणि काही काळ नेपोलियनच्याही फौजेत लढली, तो समाज मग एका पिस्तुलापुरता उरतो. इथे दिलेली पद्धत बारा ते पंधरा जणांच्या अभ्यासमंडळासाठी आहे. दीड-दीड तासाच्या सहा बैठका, भिंतीवर एक लांब कागदी पट, एक नकाशा आणि थोडी लोकर, एवढ्यात काम होतं. इंदूरच्या कुठल्याही मराठी वाचनालयाच्या खोलीत हे सहज बसतं.

पद्धतीचं सूत्र एकच आहे: देशाचा नाही, माणसांचा माग काढायचा. सर्बिया नावाचं राज्य १४५९ ते १८०४ या काळात जवळजवळ नव्हतंच. सर्ब लोक मात्र होते आणि सगळीकडे होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मराठी माणूस एकीकडे आणि महाराष्ट्राची सीमा दुसरीकडे, हे आपण घरातच पाहिलेलं असतं.

सामान

५६ × ७१ सेंटिमीटरचे पांढरे चार्ट पेपर ६, बटर पेपरचे त्याच मापाचे ६ ताव, लाल लोकर २० मीटर, पाच रंगांची स्केच पेनं, ३ × ५ इंचाची कोरी कार्डं ३०, डबल साइड टेप आणि एक लांब लाकडी पट्टी. खजूरी बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं. पट सांधायला खळ वापरू नका. पावसाळ्यात ती ओल धरते, कागद फुगतो आणि दिवाळीपर्यंत तिला कसर लागते. पातळ डिंकानेही चार्ट पेपरला सुरकुत्या पडतात. टेपच बरी.

पट कसा आखायचा

चार चार्ट पेपर उभे कापा. २८ सेंटिमीटर रुंद आणि ७१ लांब अशा आठ पट्ट्या होतील. सात पट्ट्या एकमेकींवर एक सेंटिमीटर चढवून सांधा. जवळजवळ ४९० सेंटिमीटर लांबी मिळते. दोन्ही टोकांना दहा-दहा सेंटिमीटर रंगांच्या खुलाशासाठी सोडली की कामाचे ४७० उरतात. आठवी पट्टी बाजूला ठेवा, ती महायुद्धासाठी लागेल.

पहिले २३० सेंटिमीटर १३४० ते १८०० या वर्षांसाठी, दर सेंटिमीटरला दोन वर्षं. पुढचे २४० सेंटिमीटर १८०० ते १९२० साठी, दर वर्षाला दोन सेंटिमीटर. प्रमाण बदलतं त्या जागी लाल दुहेरी रेघ ओढा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘इथून पुढे वर्ष चौपट लांब.’ ही रेघ राहून गेली तर बघणाऱ्याला वाटतं की पंधराव्या शतकात काही घडलंच नाही आणि एकोणिसाव्यात श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

वरचे तीन सेंटिमीटर वर्षांसाठी ठेवून खाली पाच-पाच सेंटिमीटरचे पाच रकाने आखा. पहिला रकाना स्वतःच्या राज्याचा. दुसरा उस्मानी, म्हणजे तुर्की, सल्तनतीचा. तिसरा हंगेरीचा आणि १५२६ नंतर हाब्सबुर्गांचा, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचा. चौथा माँटेनेग्रो आणि व्हेनिसचा, पाचवा रशियाचा. लाल लोकर म्हणजे माणसं. लोकांचा एखादा गट एका सत्तेखालून दुसऱ्या सत्तेखाली गेला की धागा त्या वर्षावर खालच्या किंवा वरच्या रकान्यात उतरवायचा. एका वेळी तीन-चार धागे समांतर चाललेले दिसतील. दिसलेच पाहिजेत. पट करण्याचं कारणच ते आहे.

खुणांची पहिली मोजणी पुढे दिली आहे, म्हणजे आखणी बरोबर झाली का ते पडताळता येईल. १३४६ हे वर्ष ३ सेंटिमीटरवर येतं, १३८९ हे २४.५ वर, १४५९ हे ५९.५ वर, १५५७ हे १०८.५ वर, १६९० हे १७५ वर, १७३९ हे १९९.५ वर. लाल रेघेनंतर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते: १८०४ हे ८ वर, १८१५ हे ३० वर, १८३० हे ६० वर, १८७८ हे १५६ वर, १९१२ हे २२४ वर.

नकाशा: आधी नद्या

पाचव्या चार्ट पेपरवर एका सेंटिमीटरला दहा किलोमीटर या प्रमाणात फक्त नद्या काढा: डॅन्यूब, सावा, द्रिना, मोरावा, वर्दार. सीमा एकही नको. बेलग्रेड सावा-डॅन्यूबच्या संगमावर बसवा. तिथून दक्षिणेला मोरावाचं खोरं धरून निश, आणि पुढे वर्दारच्या खोऱ्यातून थेट सालोनिका. मध्य युरोपातून एजियन समुद्राकडे जाणारी ही सरळ वाट आहे. उत्तरेची फौज दक्षिणेला जाताना आणि दक्षिणेची उत्तरेला येताना याच वाटेने गेली. त्यामुळे या वाटेवर वसलेल्या लोकांना शांत बसून राहणं कधी जमलं नाही. बेलग्रेड ते सालोनिका सरळ रेषेत साधारण ५०० किलोमीटर आहे. इंदूर ते ग्वाल्हेर ४५० च्या आसपास. हा अंदाज एकदा दिला की पुढे अंतरं सांगत बसावं लागत नाही.

या प्रमाणात पश्चिमेचा लष्करी सरहद्दीचा भाग, म्हणजे तुर्कांच्या सीमेवरचा हाब्सबुर्गांचा शिपाई-शेतकऱ्यांचा पट्टा, कागदाबाहेर जातो. सहावा चार्ट पेपर अर्धा कापून डाव्या बाजूला जोडा. हे न करता नकाशा लहान प्रमाणात काढला तर लिका आणि बानिया हे भाग कोपऱ्यात चिमटले जातात, आणि तिसऱ्या बैठकीचा सगळा मुद्दाच तिथे असतो.

सीमा बटर पेपरवर काढा, दर काळाची वेगळी: १३५५, १६९९, १७१८, १७३९, १८७८, १९१३. नकाशावर एकेक ताव ठेवायचा आणि उचलायचा. मूळ नकाशावर कुणी हौसेने मार्करने ‘सर्बिया’ रंगवून टाकला, तर पुढची प्रत्येक बैठक त्या रंगाशी भांडण्यात जाते.

तारखांचा घोळ

सर्बियन चर्च जुलियन कालगणना वापरतं, आणि राज्यानेही १९१९ पर्यंत तीच वापरली. जुन्या तारखेत अठराव्या शतकात ११, एकोणिसाव्यात १२ आणि विसाव्यात १३ दिवस मिळवले की आपली तारीख येते. पहिल्या उठावाची सभा ओराशात्सला जुन्या २ फेब्रुवारी १८०४ ला झाली. ती त्या वर्षीची १४ फेब्रुवारी. आज सर्बियाचा राष्ट्रदिन मात्र १५ फेब्रुवारीला असतो, कारण सण जुन्या २ तारखेलाच राहिला आणि मधला फरक एका दिवसाने वाढला. तीन पुस्तकांत तीन तारखा दिसल्या की लोक छपाईची चूक समजतात. चूक नसते. इंदुरात शेजारच्या घरी सावन लागून पंधरा दिवस झाले की आपल्याकडे श्रावण सुरू होतो, तसंच हे. कार्डावर नेहमी नवी तारीख लिहा आणि जुनी असेल तर कोपऱ्यात ‘जु.’ अशी खूण करा.

नावांचंही एकदाच मिटवून घ्या. रोमन लिपीतल्या सर्बियन नावात साधा ‘सी’ म्हणजे चटणीतला च, डोक्यावर खूण असलेला ‘सी’ म्हणजे चहातला च, आणि ‘जे’ म्हणजे य. म्हणून सारायेव्हो, युगोस्लाविया, कायमाकचालान. हे दोन च मराठीत आपल्याला आयते मिळालेत. हिंदी माध्यमातून शिकलेल्या मुलांकडून चटणीचा च हल्ली निसटतो, त्यांच्याकडून त्सेर पर्वताचं नाव दोनदा म्हणवून घ्या.

कार्डावरचे चार प्रश्न

प्रत्येक लढाई, तह किंवा स्थलांतराला एक कार्ड. त्यावर चार ओळी: झेंडा कुणाचा? पोटाला कोण घालत होतं, म्हणजे पगार, जमीन की लूट? कागदावर काय वचन मिळालं? नंतर त्या वचनाचं काय झालं? चौथी ओळ रिकामी राहिली तर कार्ड भिंतीवर लावायचं नाही. सगळा इतिहास चौथ्या ओळीत आहे.

पहिली बैठक: १३४६ ते १४५९

स्तेफान दुशानने १३४६ मध्ये स्कोप्येला स्वतःला सम्राट म्हणवून राज्याभिषेक केला. १३४९ मध्ये त्याची कायद्याची संहिता आली. १३५५ मध्ये तो वारला आणि राज्य सरदारांत वाटलं गेलं. यावर दहा मिनिटं पुरेत.

खरा वेळ कोसोव्होला आणि त्यानंतरच्या तेरा वर्षांना द्या. १३८९ च्या लढाईत राजा लाझार आणि सुलतान मुराद दोघेही मारले गेले. इथे मंडळात कुणीतरी ‘म्हणजे सर्बांचं पानिपत’ असं म्हणणारच. म्हणू द्या, पण लगेच फरक मांडा. कोसोव्होनंतर सर्बियन राज्य मांडलिक म्हणून सत्तर वर्षं टिकलं आणि १४५९ मध्ये स्मेदेरेव्हो पडल्यावर संपलं. पानिपतानंतर दहा वर्षांत महादजी शिंदे दिल्लीत होते. दोन्हींत साम्य आहे ते पुढच्या पिढ्यांनी जपलेल्या आठवणीत. रणांगणावर ते शोधू नका.

आता धागा उतरवा. लाझारचा मुलगा स्तेफान लाझारेविच सुलतान बायेझिदचा मांडलिक म्हणून १३९६ मध्ये निकोपोलिसला ख्रिस्ती फौजांविरुद्ध लढला, आणि १४०२ मध्ये अंकाराला तैमूरविरुद्ध. हाच तो तैमूर, ज्याने १३९८ मध्ये दिल्ली लुटली. पुढे हाच स्तेफान हंगेरीच्या राजाचा मांडलिक झाला आणि त्याच्याकडून बेलग्रेड मिळवलं. सर्बियन लोकगीतांचा सगळ्यात लाडका वीर मार्को क्रालयेविच तर १३९५ मध्ये रोविनेच्या लढाईत उस्मानी बाजूने लढताना पडला. हे ऐकून मंडळी थोडी अस्वस्थ होतात. त्या अस्वस्थतेवरच पुढच्या पाच बैठका चालतात, तेव्हा ती घाईने मिटवू नका.

दुसरी बैठक: उस्मानी रकाना

ही बैठक छोटी ठेवली तरी चालेल. दोन कार्डं आवश्यक आहेत. पहिलं देवशिर्मेचं: ख्रिस्ती घरांतली मुलं उचलून, मुसलमान करून सुलतानाच्या सेवेत घ्यायची पद्धत. बोस्नियातल्या सर्ब ऑर्थोडॉक्स कुटुंबातून असाच गेलेला मेहमेद सोकोलू १५६५ मध्ये वजीर-ए-आझम झाला आणि १५७९ पर्यंत त्या जागी होता. दुसरं १५५७ चं: पेचची सर्बियन पॅट्रिआर्की, म्हणजे सर्बियन चर्चची सर्वोच्च गादी, पुन्हा सुरू झाली आणि तिच्या गादीवर आला तो याच घराण्यातला माकारिये. राज्य नसताना दोनशे वर्षं या समाजाला ‘आपण एक आहोत’ असं वाटत राहिलं ते या चर्चमुळे. १७६६ मध्ये ती गादी बंद झाली, त्या वर्षावर काळी टाचणी लावा.

तिसरी बैठक: १६९० आणि लष्करी सरहद्द

या बैठकीला दीड तास कमी पडतो. दोन तास ठेवा.

१६८३ मध्ये तुर्कांचा व्हिएन्नाचा वेढा उठला. ऑस्ट्रियन फौज १६८८ मध्ये बेलग्रेड घेऊन दक्षिणेला पार कोसोव्होपर्यंत गेली आणि स्थानिक सर्ब तिच्या बाजूने उठले. १६९० च्या सुरुवातीला ही फौज हरून मागे फिरली. उठलेल्यांना आता मागे राहणं शक्य नव्हतं. पॅट्रिआर्क आर्सेनिये तिसरा चार्नोयेविच याच्या मागे लोक सावा-डॅन्यूब ओलांडून हंगेरीत गेले. सम्राट लेओपोल्डने ऑगस्ट १६९० मध्ये त्यांना सनद दिली: धर्म पाळायची मोकळीक, स्वतःची कालगणना, स्वतःचा आर्चबिशप निवडायचा हक्क.

इथे आकड्यांची फजिती होते. परंपरेने ३७,००० हा आकडा सांगितला जातो. तो काही ठिकाणी कुटुंबांचा म्हणून येतो, काही ठिकाणी माणसांचा. घरात पाच माणसं धरली तरी पाचपट फरक पडतो. कार्डावर आकड्याशेजारी ‘कुटुंबं’ की ‘माणसं’ हे लिहिल्याशिवाय ते भिंतीवर जाऊ देऊ नका. दुसरा खड्डा शब्दांचा आहे. जुन्या कागदांत या लोकांना ‘रासियन’ म्हटलेलं असतं, कुठे ‘व्लाख’. ‘सर्ब’ हा शब्द सापडला नाही म्हणून सर्ब नव्हते असं नाही, आणि प्रत्येक व्लाख सर्ब होता असंही नाही.

लष्करी सरहद्द, म्हणजे व्होयना क्रायिना, नकाशावर हिरव्या पट्ट्याने दाखवा. हाब्सबुर्गांनी तुर्कांच्या सीमेवर शेतकऱ्यांना जमीन दिली, जमीनदाराच्या वेठीतून सोडवलं आणि बदल्यात शिपाईगिरी मागितली. १६३० मध्ये सम्राट फर्डिनांड दुसरा याने त्यातल्या एका भागासाठी हक्कांचा कायदाच काढला. घर एकत्र कुटुंबाचं, त्याला झाद्रुगा म्हणतात: एक भाऊ पलटणीत, बाकीचे नांगरावर. मंडळात कुणी याला सरंजामाची उपमा देईल. ती पुरती लागू पडत नाही. सरंजाम सरदाराला मिळे आणि तो फौज उभी करी. क्रायिनात जमीन थेट शिपायाच्या घराला होती, मध्ये सरदार नव्हता. म्हणूनच हे लोक आपल्या सनदेसाठी इतके हट्टाने भांडत. हंगेरीचे किंवा क्रोएशियाचे जमीनदार त्या जमिनीवर हक्क सांगायला लागले की त्यांची थेट वेठच सुरू होणार असे.

या पलटणी पुढे तुर्कांपुरत्या राहिल्या नाहीत. सप्तवार्षिक युद्धात आणि इटलीत त्या लढल्या. सरहद्दीचा कारभार बदलू लागल्यावर काही सर्ब अधिकारी आपली माणसं घेऊन रशियाकडे गेले आणि १७५० च्या दशकात तिथे ‘नवी सर्बिया’ नावाची वसाहत झाली. धागा पाचव्या रकान्यात उतरवा. सरहद्द १८८१ मध्ये क्रोएशियात विलीन झाली.

याच काळात बेलग्रेडच्या खुणा चारदा बदलतात: १७१७ मध्ये ऑस्ट्रियन सेनापती सावॉयच्या यूजीनने घेतलं, १७३९ च्या तहाने परत तुर्कांकडे, १७८९ मध्ये पुन्हा ऑस्ट्रियाकडे, १७९१ मध्ये पुन्हा तुर्कांकडे. आधार हवा असेल तर पटाच्या तळाशी निळ्या टाचण्यांनी आपली वर्षं लावा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि सप्टेंबरात बेलग्रेडचा तह झाला.

चौथी बैठक: १८०४ ते १८६७

सुरुवात इंदूरपासून करा. १८०४ च्या उन्हाळ्यात यशवंतराव होळकरांनी कंपनीच्या मॉन्सनला माळव्याच्या वाटेवरून मागे हटवत नेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्बियात पहिला उठाव पेटला होता. बेलग्रेडच्या पाशालिकात, म्हणजे पाशाच्या सुभ्यात, दाही नावाच्या बंडखोर जानिसारींनी (सुलतानाच्याच शिपायांनी) सर्ब पुढाऱ्यांची कत्तल केली होती. त्यावर उठलेल्या लोकांचा नेता होता काराजॉर्जे, डुकरांचा व्यापारी. सुरुवातीला हे लोक ‘आम्ही सुलतानाचे, दाहींच्या विरुद्ध’ असंच म्हणत होते. स्वातंत्र्याची भाषा नंतर आली. पहिल्याच दिवसापासून स्वातंत्र्ययुद्ध म्हणून सांगितलं की पुढचे तह समजत नाहीत.

१८०९ च्या मे महिन्यात निशजवळ चेगारच्या टेकडीवर उठावाचा एक सरदार स्तेव्हान सिंजेलिच घेरला गेला आणि त्याने आपलं दारूकोठार पेटवून दिलं. तुर्की सेनापतीने मेलेल्यांच्या कवट्या भिंतीत बसवून मनोरा बांधला. चारही बाजूंना ओळीत कोनाडे, एकूण ९५२. बऱ्याचशा कवट्या नंतर नातेवाइकांनी रात्री काढून नेऊन पुरल्या असं सांगतात. आज साठाच्या आत उरल्या आहेत, बाकीचे खळगे रिकामे. हा फोटो दाखवायचा तर आधी सांगून दाखवा आणि पटावर चिकटवू नका. तो लागला की पाहुणे तेवढाच बघून जातात.

आता पूर्ण पटातली सगळ्यात महत्त्वाची जागा: लाल रेघेनंतर २४ सेंटिमीटर, साल १८१२. इथे तीन धागे एकाच उभ्या रेघेवर आणा. पहिला धागा काराजॉर्जेच्या लोकांचा, रशियाच्या भरवशावर तुर्कांशी लढणारा. दुसरा क्रायिनातल्या ऑर्थोडॉक्स शिपायांचा. १८०९ मध्ये सावेच्या दक्षिणेचा सरहद्दीचा भाग फ्रान्सकडे गेला होता, त्यामुळे त्यातले काही जण १८१२ मध्ये नेपोलियनच्या फौजेतून रशियावर चालून गेले. तिसरा धागा रशियात गेलेल्या सर्बांच्या वंशजांचा. नेपोलियन येतोय म्हणून रशियाने मे १८१२ मध्ये घाईने बुखारेस्टला तुर्कांशी तह केला. त्याच्या आठव्या कलमात सर्बांना माफी आणि अंतर्गत कारभाराचं मोघम वचन होतं, आणि किल्ले तुर्कांकडे परत. १८१३ मध्ये उठाव चिरडला गेला आणि काराजॉर्जे ऑस्ट्रियात पळाला. म्हणजे एका धाग्यातली माणसं ज्या स्वारीत चालत होती, त्याच स्वारीमुळे दुसऱ्या धाग्यातली माणसं उघड्यावर पडली. या जागी पंधरा मिनिटं थांबा. मंडळींना स्वतः बोटाने धागे धरून बघू द्या.

१८१५ मध्ये मिलोश ओब्रेनोविचने दुसरा उठाव केला आणि लवकरच लढाईपेक्षा वाटाघाटींवर भर दिला. १८१७ मध्ये परतलेल्या काराजॉर्जेला त्याने मारवलं आणि त्याचं शिर सुलतानाकडे धाडलं. या दोन घराण्यांचं वैर १९०३ पर्यंत पुरलं. १८३० च्या फर्मानाने सर्बियाला स्वतःचा वंशपरंपरागत राजा, ठरलेली खंडणी आणि अंतर्गत स्वायत्तता मिळाली. किल्ल्यात तुर्की शिबंदी मात्र राहिली.

याला आपल्याकडचं जोडीदार चित्र तयार आहे. महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला. इंदूरला होळकरांची गादी राहिली आणि वीसेक किलोमीटरवर महूला कंपनीची छावणी आली. दोन्हीकडे राजा आपला, तोफा दुसऱ्याच्या. फरक दिशेत आहे. इंदूर स्वतंत्र सत्तेतून या अवस्थेत उतरलं, सर्बिया गुलामीतून या अवस्थेत चढली. बेलग्रेडला जून १८६२ मध्ये चुकुर नावाच्या हौदावर पाणी भरायला आलेल्या एका सर्ब मुलाला तुर्की शिपायाने मारलं. दंगल उसळली आणि किल्ल्यातून शहरावर तोफा डागल्या गेल्या. त्या जागी आज मुलाचा आणि फुटक्या घड्याचा पुतळा आहे. १८६७ मध्ये किल्ल्याच्या किल्ल्या राजा मिहाइलोकडे आल्या. १८३० ते १८७८ या काळात पहिल्या रकान्यातली रेघ तुटक काढा, सलग नको.

पाचवी बैठक: १८७८ ते १९१८

बर्लिनच्या तहाने १८७८ मध्ये स्वातंत्र्य दिलं, पण बोस्निया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेला आणि १९०८ मध्ये तो त्यांनी रीतसर जोडूनच घेतला. १९०३ च्या राजहत्येनंतर काराजॉर्जेचं घराणं परतलं आणि परराष्ट्र धोरण व्हिएन्नाकडून रशिया-फ्रान्सकडे वळलं. १९०६ मध्ये ऑस्ट्रियाने सर्बियन डुकरांना सीमा बंद केली. सर्बियाने दुसऱ्या बाजारपेठा शोधल्या आणि तोफा फ्रान्सकडून घेतल्या. हे ‘डुकरांचं युद्ध’ सांगितलं नाही तर १९१४ आभाळातून पडल्यासारखं वाटतं. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत सर्बिया जवळजवळ दुप्पट झाली. तेव्हा ताब्यात आलेल्या कोसोव्होत आणि मॅसिडोनियात अल्बेनियन आणि इतर लोकांवर अत्याचार झाले, त्याचं कार्डही लावा.

आता आठवी पट्टी काढा: जून १९१४ पासून दर महिन्याला एक सेंटिमीटर, डिसेंबर १९१८ पर्यंत ५५. पहिल्या दोन सेंटिमीटरमध्येच गर्दी होते. युवराजाच्या खुनानंतर २३ जुलैला ऑस्ट्रियाचा ४८ तासांचा, दहा मागण्यांचा निर्वाणीचा खलिता. २५ तारखेला संध्याकाळी सहाच्या आत पंतप्रधान पाशिचने स्वतः नेऊन दिलेलं उत्तर, ज्यात ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांना सर्बियात तपासात घ्यायला साफ नकार होता. आणि २८ ला युद्ध. त्या दहा मागण्या आणि उत्तर बैठकीत मोठ्याने वाचा, वीस मिनिटं लागतात.

तिसऱ्या सेंटिमीटरवर त्सेर, सर्बियन सेनापती स्तेपा स्तेपानोविचचा विजय. समोरच्या फौजेत बोस्निया, क्रोएशिया आणि व्होय्वोदिनातले सर्ब होते, तो धागा तिसऱ्या रकान्यातून इथे आणा. सातव्यावर कोलुबारा: २ डिसेंबरला बेलग्रेड गेलं, ३ ला झिव्होयिन मिशिचने उलटा हल्ला केला, १५ ला शहर परत आलं. साधारण आठ ते बारावर टायफस. सतराव्यावर, ऑक्टोबर १९१५ मध्ये, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि बल्गेरिया एकत्र आले. अठरा ते वीसवर बर्फातून अल्बेनियाचे डोंगर ओलांडून समुद्राकडे माघार, आणि मग कोर्फू बेट. पहिल्या रकान्यातली रेघ इथे भूमीशिवाय चालते: राज्य कागदावर आहे, सरकार आणि फौज परक्या बेटावर. अठ्ठाविसाव्यावर सालोनिका आघाडीवरची कायमाकचालानची लढाई, बावन्नाव्यावर दोब्रो पोल्येची, आणि १ नोव्हेंबर १९१८ ला बेलग्रेड.

सालोनिका आघाडीवर भारतीय खेचर-तुकड्या रसद वाहत होत्या आणि शहराजवळ मोनास्तिर रस्त्यावर भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. निळी टाचणी लावा. आपल्या गावाचं नाव तिथे जोडायचा मोह होतो. पलटणीची नोंद हातात असल्याशिवाय ते करू नका.

सहावी बैठक: पटाबाहेरचं

१९१८ नंतरचं पटावर मुद्दाम घेतलेलं नाही, वेगळ्या कार्डांवर बोला. सगळ्यात जास्त बिनसतं ते इथे. एक जण यासेनोव्हात्स सांगतो, जिथे दुसऱ्या महायुद्धात उस्ताशांच्या, म्हणजे क्रोएशियन फॅसिस्टांच्या, राज्यात सर्ब, ज्यू आणि रोमा मारले गेले. दुसरा सांगतो स्रेब्रेनित्सा, जिथे जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांहून अधिक बोस्नियाक (बोस्नियन मुसलमान) पुरुष आणि मुलगे मारले आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी त्याला वंशसंहार ठरवलं. मग एकाने दुसरं खोडायची चढाओढ लागते. यावर उपाय बसण्याच्या रचनेतच करा: एका कार्डाला वीस मिनिटं, त्या वेळात दुसऱ्या कार्डाचं नावही काढायचं नाही. प्रत्येक कार्डावर तेच चार प्रश्न, आणि ‘सर्बांनी केलं’ असं न लिहिता कोणत्या सैन्याने, कुणाच्या हुकमाने केलं ते लिहायचं. १९९९ च्या ७८ दिवसांच्या नाटो बॉम्बफेकीलाही हाच नियम.

पट उतरवताना आधी लोकर सोडवा आणि कार्डाभोवती गुंडाळून ठेवा, नाहीतर ती कागदाची पट्टीच ओढून फाडते. मग पट लिहिलेली बाजू बाहेर ठेवून तीन इंची प्लास्टिक पाइपवर गुंडाळा. आत ठेवून गुंडाळला की पुढच्या वेळी कडा भिंतीवरून पुढे वळतात आणि रात्रीतून टेप सुटते. बटर पेपरचे ताव घडी न घालता आडवे ठेवा, घडी पडली की सीमा दोन मिलिमीटर सरकते आणि बेलग्रेड नदीच्या चुकीच्या काठावर जातं.